नैसर्गिक मारक पेशी ओळखायच्या कशा?

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत भागात, हळदीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. हळद बी पेरून लावीत नाहीत. जमिनीतून काढलेले गड्डेच बेणे म्हणून लावतात. त्यामुळे एका गड्ड्यापासून वाढलेली सर्व झाडे आनुवंशिक गुणांनी सारखी असतात. अशा वंशाला जीवशास्त्रात 'क्लोन' म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज लागेल.

रक्तातील पांढऱ्या पेशींत लिंफोसाइट नावाच्या पेशी असतात. माणसात त्यांपैकी सुमारे ५ ते १५ टक्के 'नैसर्गिक मारक पेशी' असतात. विषाणूंनी ग्रासलेल्या पेशींना आणि काही कर्कपेशींना त्या, आधी कधी गाठ पडलेली नसतानाही, मारू शकतात. उंदरांमधील या पेशींचे वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु सूक्ष्मदर्शकातून नुसत्या रूपावरून त्या खात्रीने ओळखता येत नाहीत. मग त्या मोजायच्या कशा?

प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर 'ग्राही' नावाची प्रथिने असतात. कोणते ग्राही आहेत, यावरून पेशीची जात कळते. हे ग्राही हुडकण्यासाठी प्रतिपिंडे वापरतात. परक्या पदार्थाला नेमके चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. मात्र रक्तात अनेक प्रतिपिंडांची सरमिसळ असते. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनविणारी उंदराची पेशी आणि सतत विभागत राहणारी कर्कपेशी यांचा संकर केला. अशा एका संकरित पेशीचा वंश, म्हणजेच क्लोन, एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवीत राहतो. या शोधासाठी त्यांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

त्याच वर्षी 'पीके १३६' या प्रतिपिंडाची माहिती प्रसिद्ध झाली. उंदराच्या नैसर्गिक मारक पेशींवरील 'एनके १.१' या ग्राहीला ते चिकटते. त्याला चमकणारा रंग जोडून पेशींत मिसळतात. मग पेशी एकेक करून लेसर किरणासमोरून जातात आणि चमकणाऱ्या पेशी यंत्र मोजते.

याचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. हे प्रतिपिंड उंदराला टोचले, की त्याच्या शरीरातील या पेशी बहुतांशी नष्ट होतात. त्यानंतर शिरेतून कर्कपेशी सोडल्या, तर फुफ्फुसांत अधिक गाठी होतात. म्हणजे त्या गाठींना या पेशी आळा घालीत होत्या, असे अनुमान निघते.

आता एक कोडे. एका विद्यार्थ्याने 'बाल्ब सी' जातीच्या पांढऱ्या उंदराच्या प्लीहेतील पेशींना पीके १३६ लावले. एकही मारक पेशी चमकली नाही. या उंदरात मारक पेशीच नाहीत, असे त्याने लिहिले. बरोबर आहे का?

नाही! या जातीत मारक पेशी असतात. पण पीके १३६ ओळखते ते ग्राहीचे रूप त्यांच्यावर नसते. उलट 'सी ५७ ब्लॅक ६' या काळ्या उंदरात ते असते, आणि तेथे काही टी पेशींवरही आढळते. म्हणून प्रतिपिंड टोचल्यावर त्या टी पेशीही घटू शकतात. तेव्हा वरील अनुमान पक्के करण्यापूर्वी त्यांचाही विचार करावा लागतो.

थोडक्यात, खूण दिसली नाही म्हणून पेशी नाही असे ठरत नाही, आणि खूण दिसली म्हणजे ती पेशी मारकच असेही नाही. याच कारणाने संशोधक एकाहून अधिक खुणा तपासतात.

विचार करा : वरील विद्यार्थ्याने त्याच दिवशी, त्याच प्रतिपिंडाने काळ्या उंदराच्या पेशीही तपासल्या असत्या, तर त्याला कोणती गोष्ट कळली असती आणि कोणती तरीही कळली नसती? वर्गात चर्चा करून उत्तर लिहा.