रोडग्यांची पंगत: माणशी किती पडते?

नागपुरात सार्वजनिक स्वयंपाक म्हटला की आधी डोळ्यांपुढे येते ती कढई. शेफ विष्णू मनोहरांनी २०१७ मध्ये इथे सलग ५३ तास स्वयंपाक केला, पुढच्या वर्षी ३,००० किलो खिचडी शिजवली, आणि २०२४ च्या जानेवारीत कोराडीच्या जगदंबा मंदिरात राम हलव्याचा भलामोठा घाट घातला. बघायला मजा येते, यात वाद नाही. पण अशा कढईला हात लागतो तो दोघा-चौघांचा. बाकीचे मोबाइल वर करून उभे.

मोहल्ल्यातल्या माणसांना सगळ्यांनाच खेळात ओढायचं असेल तर माझं मत सरळ राखेत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांना. न्यूयॉर्कच्या ३०३ गॅलरीत १९९२ मध्ये रिरक्रित तिरावनिजा या थाई कलावंताने करी-भात रांधून येईल त्याला फुकट वाढला आणि ती कलाकृती म्हणून गाजली. विदर्भातल्या बहिरमच्या यात्रेत गोवऱ्यांच्या आरावर रोडगे लावणाऱ्याला त्यात नवल वाटायचं नाही. तिथे प्रत्येक राहुटीपुढे हाच प्रयोग चालू असतो.

आता पैशांचं. खालचा हिशेब १०० माणसांचा, हिवाळ्यातला. भाव मोजणीपुरते धरलेत; तुमच्या दिवशीचा भाव कॉटन मार्केट आणि इतवारीत विचारून घ्या.

जाडसर दळलेली कणीक २० किलो, ४५ रुपयांनी ९००. वांगी १८ किलो, ४० ने ७२०. तुरीची डाळ ७ किलो, १४० ने ९८०. तूप ३ किलो, ६५० ने १,९५०. तेल ४ किलो, १६० ने ६४०. लसूण, आलं, मिरची, सांभार, मसाला यांना ८०० ठेवा. दोनशे गोवऱ्या पाच रुपयांनी हजार. बेरीज ६,९९०, म्हणजे माणशी सत्तर.

तूप कमी करायचा मोह होईल. करू नका. रोडगा कोरडा लागला की लोक वरणाला नावं ठेवतात.

यावर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण सहाशेचे. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तो स्वस्तातला मार्ग बंदच समजा. पाण्याचे कॅन तीनशे. बिछायत केंद्रातून गंज, पराती, सराटे, बादल्या, सतरंज्या यांचे दीड हजार. झाडझूड आणि भांडी घासायला दोन माणसं, सातशे रोजाने चौदाशे. सगळं मिळून १०,७९०. अकरा हजार म्हणा. मांडव, माइक आणि मैदानाचं भाडं यात नाही.

आचारी मात्र लावू नका. तो आला की बाया-माणसं आपोआप बाजूला होतात आणि पंगतीचं साधं जेवण उरतं. वांग्याच्या गंजापाशी उभं राहायला एक जाणती काकू पुरे. तिच्यासाठी साडी-चोळीचे हजार-बाराशे वेगळे काढा, आणि ते सगळ्यांसमोर द्या. कोणी कलावंत हा कार्यक्रम बसवून देत असेल, खडीगंमतवाले किंवा दंडारवाले येणार असतील, तर त्यांचं मानधन आधी ठरवून लिहून घ्या. ‘जेवण तर आहेच ना’ हे मानधन नव्हे.

शंभर माणसं, दोनशे रोडगे: प्रत्येकाने आपापले दोन करायचे. लिंबाएवढ्या गोळ्याची वाटी करायची, तेलाचं बोट फिरवायचं, त्यावर दुसरी, मग तिसरी वाटी चढवायची, तोंड बंद करायचं. पदर सुटले तर जमलं. गेल्या खेपेला लहान पोरांनी आपला रोडगा ओळखू यावा म्हणून अंगठ्याचे ठसे उमटवले होते. राखेतून निघाल्यावर कोणालाच आपला सापडला नाही, आणि मग जी भांडणं झाली ती पंगतीपेक्षा रंगली.

पहिल्या खेपेला माझा घोळ वेळेचा झाला. अकराला गोवऱ्या पेटवल्या, बाराला जेवण सांगितलं होतं, लोक तीनला जेवले. जाळ दिसतो तोवर रोडगे लावायचेच नसतात. वरून करपतात, आत कच्ची कणीक. आर पडला, वर पांढुरकी राख धरली की लावायचे, फिरवायचे, मग गरम राखेखाली दडपून पाऊण-एक तास विसरायचे. म्हणून नऊला पेटवा. गोवऱ्या आदल्या दिवशी आणून झाकून ठेवा. दवाने ओलसर झाल्या की नुसता धूर होतो आणि शेजारच्या इमारतीतून फोन सुरू होतात.

परवानगीचं काम कंटाळवाणं, पण उरकावं लागतं. लेआउटमधली मोकळी जागा महापालिकेची की नागपूर सुधार प्रन्यासची हे आधी शोधा, मग त्याप्रमाणे अर्ज. महापालिकेच्या झोन कार्यालयात दुसरं पत्र द्या: घनकचरा नियमांप्रमाणे शंभराहून जास्त माणसांच्या कार्यक्रमाची खबर किमान तीन कामाचे दिवस आधी द्यायची असते, आणि ओला-सुका कचरा वेगळा करणं आयोजकावर असतं. सामाजिक किंवा धार्मिक मेळाव्यात अन्न वाटणाराही अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत छोटा व्यावसायिक म्हणून येतो. मंडळ दरवर्षी पंगत करत असेल तर नोंदणी करून टाका. शुल्क वर्षाला शंभर रुपये धरा, अर्ज भरताना ताजा आकडा बघा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर मैदानात आणू नका. वरणासाठी गॅस हवाच असेल तर १९ किलोचा व्यावसायिक घ्या, किंवा तेही चुलीवरच करा.

वर्गणी घ्यावी का? घ्या, पण सरसकट नको. कोणी तूप द्यावं, कोणी वांगी, कोणी नुसते हात. पैसे देणारा आधी बसेल आणि राबणारा शेवटी, असं एकदा झालं की पुढच्या वर्षी राबणारा येत नाही. वाढपी कोण आणि पहिल्या पंगतीला कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं बरं. आडनावं विचारून ठरवू नका.

शेवटी अनामत रकमेची गोष्ट. गंज चुलीवर चढवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्या. काजळी मातीवर धरते आणि घासताना मातीबरोबर निघून येते. नाही दिला तर बिछायतवाला काळं बूड दाखवून अनामतीतून दोनशे-तीनशे कापतो. घासायला राख तुमच्यापाशी असतेच, फक्त विझली का ते हाताने नव्हे, पाणी शिंपडून बघा.