'ड' जीवनसत्त्व : गरज, ऊन आणि औषधाची मर्यादा

प्रतिवर्षीप्रमाणे या अहवालात जमाखर्चासोबत आरोग्यविषयक एक माहितीपर लेख आम्ही सादर करीत आहोत. "अंग दुखते, 'ड' जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी काय?" ही विचारणा आमच्या चौकशी कक्षात आता नित्याची झाली आहे, म्हणून यंदा हा विषय निवडला.

कार्य व अभाव

आहारातील कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व आवश्यक असते. ते पुरेसे असता सुमारे ३० ते ४० टक्के कॅल्शियम शरीरास मिळते. अभावी हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर येते. मग शरीर हाडांतील साठा काढू लागते. उत्पन्न आटले की मुदलाला हात घालावा लागतो, तसाच हा प्रकार होय. त्यामुळे मुलांना मुडदूस होऊन पाय वाकतात, तर प्रौढांची हाडे मऊ पडून दुखू लागतात व स्नायू दुर्बल होतात.

१९१९ साली लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने कुत्र्यांतील मुडदूस टळतो असे दाखविले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी केवळ अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. तेल आणि प्रकाश या दोहोंतून मिळणारे तत्त्व एकच, हे पुढे स्पष्ट झाले.

ऊन असून उणीव का?

उन्हातील विशिष्ट अतिनील किरण त्वचेवर पडल्यास हे जीवनसत्त्व तयार होते. यकृत व मूत्रपिंडे त्यास कार्यक्षम रूप देतात. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येत नाहीत. सकाळच्या कोवळ्या तिरप्या उन्हातही ते अत्यल्प असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असते, त्या वेळचे ऊन उपयोगी. मात्र त्वचा भाजेपर्यंत वा उन्हाळ्याच्या काहिलीत बसू नये. सावळ्या त्वचेस अधिक वेळ लागतो. दिवसभर घरात वा कार्यालयात असणारे, सर्वांग झाकणारे आणि अंथरुणास खिळलेले वृद्ध यांच्यात म्हणूनच उणीव आढळते. शाकाहारी भोजनातून हे जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. 'ड' जीवनसत्त्वयुक्त दूध व खाद्यतेल यांचा काहीसा आधार होतो.

औषध किती?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांची दैनिक गरज ६०० एकके व तान्ह्या बाळाची ४०० एकके आहे. मातेच्या दुधात हे जीवनसत्त्व अल्प असल्याने बाळास डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब द्यावे लागतात. बाजारात मिळणारी ६०,००० एककांची पुडी म्हणजे प्रौढाची १०० दिवसांची गरज होय. आठवड्याची पुडी रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, मुतखडा, प्रसंगी मूत्रपिंडांस इजा संभवते.

"जितके अधिक तितके उत्तम" हा समजही टिकला नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख एकके दिली असता त्यांचे पडणे व अस्थिभंग उलट वाढले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत २५,८७१ व्यक्तींच्या चाचणीत रोज २,००० एकके देऊनही कर्करोग वा हृदयविकार घटला नाही. अस्थिभंगही कमी झाले नाहीत, असे २०२२ मध्ये दिसून आले. उणीव असलेल्यांना औषध लाभते. ज्यांना उणीव नाही, त्यांना अधिक लाभ होत नाही.

आमची विनंती

निरोगी प्रौढांनी सरसकट रक्ततपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीनेही २०२४ मध्ये दिला आहे. तो खर्च टाळता येण्याजोगा आहे. मात्र तान्ही बाळे, गर्भवती, अंथरुणावरील वृद्ध, मूत्रपिंड वा यकृताचे रुग्ण यांच्याबाबत नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे व पुडी मनाने सुरू करू नये. देणगीदारांनी औषध निधीस दिलेला प्रत्येक रुपया ज्यांना खरी उणीव आहे त्यांच्यापर्यंत प्रथम पोहोचावा, हीच आमची इच्छा आहे.