आकडा हलेना, तेव्हा टॉवरवर जा

कारखान्याच्या यूटिलिटीत बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा कूलिंग टॉवरचं पाणी सांभाळणाऱ्या कंट्रोलरसोबत. त्यानं आमची पायपीट वाचवली आणि काही धडेही दिले.

१. गोठलेल्या आकड्यावर विसंबू नका.
एका रात्री आमचा पीएच ८.२ वरून हलेना. नमुन्याची नळी गाळानं तुंबली होती, प्रोबभोवती जुनंच पाणी साचलं होतं. कंट्रोलर बिचारा इमानानं आम्ल सोडत राहिला. सकाळी हातमीटरनं पाहिलं तर टॉवरचा पीएच ४! त्यानंतर नळीवर फ्लो स्विच बसवला: प्रवाह थांबला की डोसिंग पंप बंद. सलग डोसिंगलाही वेळेची मर्यादा घातली.

२. प्रोब आधी धुवा, मग कॅलिब्रेट करा.
बुळबुळीत थर चढलेला प्रोब कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, कमी दाखवतो. मग ब्लोडाऊन, म्हणजे खारावलेलं पाणी बाहेर सोडणारी झडप, उघडत नाही आणि क्षार वाढत जातात.

३. सेटपॉइंट ऋतू पाहून ठरवा.
आमच्याकडे तासाला १००० घनमीटर पाणी फिरतं, १० अंशांनी थंड होतं. त्यातलं सुमारे १६ घनमीटर वाफ होऊन जातं. क्षार कच्च्या पाण्याच्या ५ पट राखले तर ४ घनमीटर सोडून द्यावं लागतं, ३ पट राखले तर ८. वर्षभर कंडक्टिव्हिटीचा एकच सेटपॉइंट ठेवला, की उन्हाळ्यात टँकरच्या खारट पाण्यावर ही पट घसरते, पाणी गटारात जातं. पावसाळ्यात नदीच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून पट चढते; पण सोबत गढूळपणाही चढतो आणि कंडेन्सरच्या नळ्यांत चिखल बसतो. म्हणून आता कच्च्या पाण्यालाही आमचा एक प्रोब आहे.

४. आधी ब्लोडाऊन, मग जंतुनाशक.
जंतुनाशक टाकल्यावर काही तास ब्लोडाऊन कुलूपबंद ठेवा. नाहीतर महागडं औषध काम करण्याआधीच बाहेर जातं.

५. क्लोरीन वाढवण्याआधी पीएच बघा.
पीएच ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोरकस रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा. तिथं डोस दुप्पट करून शेवाळ हटत नाही.

६. टेस्ट किट कपाटात टाकू नका.
दर शिफ्टला एक नमुना हातानं तपासा, कंट्रोलरच्या आकड्याशेजारी लिहा. दोन्ही आकडे आठवडाभर हुबेहूब जुळले, तर लॉगबुक भरणाऱ्याला जवळ बसवून चहा पाजा आणि विचारा, "नमुना खरंच घेतलास ना रे?"