ऑनलाइन खेळांची जाहिरात : हलाल नफ्याचा हिशेब

सोयाबीनचा हंगाम उलगडला की वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या गावांतल्या बाजारपेठेत मंदी जाणवू लागते. अशा दिवसांत मोबाइल दुरुस्ती किंवा झेरॉक्सचे दुकान चालविणाऱ्या तरुणाच्या मोबाइलवर एक निरोप येतो. ‘आमच्या खेळाची जाहिरात करा, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे कमिशन घ्या.’ दुकानाचे भाडे थकलेले असते, तेव्हा हा निरोप रोजीचे दारच वाटतो. म्हणून हा धंदा नेमका काय आहे, त्यात नफा कसा निघतो आणि कोठे थांबावे, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

प्रथम भेद ओळखा

ऑनलाइन खेळ दोन प्रकारचे असतात. एकात पैसा लावून पैसा जिंकण्याची आशा असते. दुसऱ्यात पैजेचा पैसा नसतो. खेळ फुकट असतो आणि मालकाची कमाई त्यात दिसणाऱ्या जाहिरातींतून किंवा किरकोळ खरेदीतून होते.

पहिल्या प्रकाराबाबत शंकेला जागा नाही. पवित्र कुरआनात सूरह अल्-माइदाच्या 90 व 91 व्या आयतींत जुगाराला मद्याच्या पंक्तीत बसवून त्यापासून दूर राहण्याची आज्ञा आहे. देशाचा कायदाही आता तेच सांगतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला आणि पैशांच्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालविणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद व 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास 2 वर्षांपर्यंत कैद व 50 लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळाचा मालक परदेशात बसलेला असतो. जाहिरातीवर मात्र नाव व मोबाइल नंबर आपल्या दुकानदाराचा असतो. कमिशनच्या चार पैशांसाठी हा धोका कोणी पत्करावा?

दुसरा प्रकार कसा चालतो?

नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीचे उदाहरण घ्या. विकास जयस्वाल यांनी 2016 मध्ये ‘लुडो किंग’ हा खेळ आणला. 2020 च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोचला. खेळ फुकट, कमाई मुख्यतः जाहिरातींची. फाशांच्या खेळाविषयी उलमांची भूमिका कडक आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. येथे धंद्याची रीत तेवढी पाहावयाची आहे. आपल्याकडील एखादा संगणक शिकलेला तरुण मुलांसाठी पाढ्यांचा, मराठी-उर्दू शब्दांचा किंवा कोड्यांचा खेळ तयार करू शकतो. प्रश्न उरतो तो जाहिरातीचा.

हिशेब असा मांडावा

समजा, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर 1,000 रुपयांची जाहिरात दिली. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून खर्च 1,180 रुपये. (जीएसटी नोंदणी असल्यास हा कर वळता मिळू शकतो. आपल्या कर सल्लागारास विचारावे.) हजार वेळा जाहिरात दिसण्यास 50 रुपये पडले, तर ती 20,000 वेळा दिसेल. शंभरात एकाने बोट दाबले, तर 200 जण आले. त्यांपैकी चौथ्या हिश्श्याने खेळ उतरवून घेतला, म्हणजे 50. आठवड्यानंतरही खेळत राहिले ते 10. अशा एका टिकलेल्या खेळाडूपासून तीन महिन्यांत 40 रुपये मिळाले, तर जमा 400 रुपये. तोटा 780 रुपयांचा.

बहुतेक जण येथे चूक करतात. 50 जण आले म्हणून खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी 5,000 रुपये ओततात. म्हणजे तोटाच पाचपट करतात.

आता जाहिरात सुधारली व शंभरात दोघांनी बोट दाबले असे धरा. खेळाडू 100 आले, टिकले 20, जमा 800. अजूनही 380 रुपये तोटा. मग खेळ सुधारला, पाचांत एकाऐवजी दोघे टिकू लागले. टिकले 40, जमा 1,600, नफा 420 रुपये. तात्पर्य, नुसत्या जाहिरातीने धंदा होत नाही. माल टिकाऊ असेल तरच जाहिरातीचा पैसा परत येतो.

काही व्यवहारी सूचना

1) प्रारंभी रोज 100 रुपयांहून अधिक खर्च करू नये. किमान सात दिवस आकडे वहीत उतरवावेत.

2) एकाच वेळी दोन वेगळ्या जाहिराती द्याव्यात. जी महाग पडेल ती बंद करावी.

3) पहिल्या तीन सेकंदांत खेळ प्रत्यक्ष दाखवावा. भाषा आपल्या वऱ्हाडातली, सोपी असावी.

4) जाहिरात आईबापांना उद्देशून करावी. मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिरात रोखण्यास 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मनाई सांगितली आहे.

5) आपल्या खेळात दिसणाऱ्या जाहिरातींतून जुगार व मद्य यांचे वर्ग बंद ठेवावेत. तशी सोय असते. अन्यथा दारातून काढलेले हराम खिडकीतून आत येते.

वरचे दाणे व आतले दाणे

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले. त्यांनी राशीत हात घातला, तो बोटांना ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य विक्रेत्याने आत ठेवले होते. ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसविणारा आपला नव्हे, असे बजावले. ओले सोयाबीन पोत्याच्या तळाशी घालणारा आणि त्याला ओलाव्याच्या यंत्रात पकडणारा अडत्या, दोघेही आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. खेळात नसलेली दृश्ये जाहिरातीत दाखविणे, किंवा ‘रोज हजारो कमवा’ म्हणून भुलविणे, ही तीच ओली रास होय.

आणि ज्यांना खेळाशी देणेघेणे नाही त्या शिंपी, सुतार, बांगडीवाले, गॅरेजवाले बांधवांनाही हाच हिशेब लागू आहे. जाहिरात किती जणांनी पाहिली हे विचारू नका. किती जण दुकानात आले, किती जण पुन्हा आले, आणि एका गिऱ्हाइकामागे किती खर्च पडला, हे विचारा. वाशिमच्या फर्निचरवाल्याने जाहिरात पुण्यात दाखवून काय उपयोग? 25 किलोमीटरांचा परिसर निवडावा व चौकशी थेट व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यावी.

साधन नवे आहे, व्यापाराचे नियम जुनेच आहेत. माल खरा, माप पुरे, बोलणे साफ. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.