बोटांआधी गळा

पोरी, कुठलंही गाणं बसवायचं असलं तर पहिल्या दिवशी गिटार खोळीतून काढूच नकोस. तू रोज लोकलनं पुण्याला जातेस, जाताना सव्वा-दीड तास रिकामाच असतो, तोच वापर. एकच गाणं लाव आणि दर खेपेला त्यातलं एकच काहीतरी ऐक. लोणावळ्याहून गाडी सुटली की मळवलीपर्यंत फक्त बेस. मळवली ते कामशेत फक्त ठेका: टाळी कुठं पडते, ड्रमवाला कुठं मोकळी जागा सोडतो. कान्हे, वडगाव, तळेगाव हा पट्टा गिटारचा. तळेगाव सुटलं की इयरफोन काढायचे आणि देहूरोडपर्यंत तेच गाणं मनात वाजवायचं. मनातलं गाणं जिथं अडखळेल तिथं तुझं ऐकणं कच्चं राहिलंय असं समज आणि परतीच्या गाडीत तेवढाच तुकडा ऐक.

फोनच्या स्पीकरवर हे करू नकोस. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बेसची त्याच्याही एक सप्तक खाली. फोनच्या त्या इवल्याशा स्पीकरला तेवढं खालचं नीट वाजवताच येत नाही. मग तू बेस शोधत बसशील आणि तो तिथं नसेलच. साधे वायरवाले इयरफोन पुरतात.

व्हिडिओ बघून बोटं कुठं ठेवायची ते कळतं, मी नाही म्हणत नाही. पण तसं शिकलेल्या मुलाला गायक म्हणाला, आज गळा बसलाय, दोन सूर खाली घेऊ, की तो गिटार मांडीवर घेऊन नुसता बघत राहतो. ऑर्केस्ट्रात असताना मी असे पुष्कळ पाहिले. त्यांना गाणं येत नव्हतं, गाण्याची जागा येत होती.

तर पहिला कानमंत्र, आणि हा माझा नाही, आमच्या भजनातल्या पेटीवाल्या बुवांचा आहे: जे गळ्यातून निघत नाही ते बोटातून शोधायला जायचं नाही. सोलोचा तुकडा ऐक, थांबव, गुणगुण. आवाज घोगरा असला तरी चालतो, सूर जागेवर पडला म्हणजे झालं. जिथं गुणगुणताना तू अंदाजे काहीतरी घसरवतेस, तिथंच नंतर बोटंही चुकणार. मावळातल्या पोरांना खरं तर हे वेगळं शिकवायला लागू नये. आपल्याकडं भजनात कुणाच्या पुढ्यात कागद नसतो. बुवा ओळ म्हणतात, मागचे टाळकरी ती तशीच्या तशी उचलतात, चाल बदलली की तेही बदलतात. लहानपणी तू आजीच्या मांडीवर बसून टाळ वाजवलेस, तेव्हाच हे शिक्षण सुरू झालंय. गिटार हातात आली की पोरं ते विसरतात आणि कोरी पाटी घेऊन बसतात, याचं मला नवल वाटतं.

आता सा. गाण्याचा पहिला सूर सा असेलच असं नाही, यात नवी माणसं हमखास फसतात. चाल जिथं येऊन टेकते, जिथं थांबलं तर गाणं संपल्यासारखं वाटतं, तो सा. गाणं मध्येच बंद कर आणि कानात जो सूर घुमत राहावासा वाटतो तो गात राहा. मग जाड तारेवर एक बोट ठेवून एकेक फ्रेट वर सरकत जा. गळ्यातला आणि तारेतला सूर एक झाला की आवाजातली थरथर थांबते, तुला आपोआप कळेल.

आपल्याकडं पट्टी पेटीवर सांगतात, तेव्हा गिटारच्या तारा पेटीच्या भाषेत पाठच करून टाक. जाड तारेपासून बारीक तारेकडं: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. पुस्तकातलं ई, ए, डी, जी, बी, ई ते हेच. आमच्याकडं ट्यूनर नव्हता, पण बिघडका अँप्लिफायर होता. अर्थिंग नीट नसलं की त्यातून जी घूं येते ती आपल्या विजेची असते, ५० हर्ट्झची, आणि तिच्या दुप्पट १०० ची. जी चा खालचा सूर ४९ आणि त्याच्या वरचा ९८. म्हणजे ती घूं पांढरी पाचच्या केसभर वर. गणपतीत स्टेजवर आम्ही त्या घूंवरून गिटार बरीचशी लावून घ्यायचो. वाईटातून चांगलं म्हणतात ते हेच असावं.

एक अडचण तुला जुन्या गाण्यांत येईल. कॅसेटचा एक प्लेअर जरा जोरात पळायचा, दुसरा रेंगाळायचा, आणि आज नेटवर सापडणारी कितीतरी गाणी तशाच कुठल्या तरी कॅसेटवरून किंवा तबकडीवरून चढवलेली असतात. मग त्यांचा सा दोन फ्रेटच्या मधोमध पडतो आणि तुला वाटतं आपला कानच बिघडला. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेव आणि गिटार गाण्याला लाव.

सा सापडला की लगेच सोलोवर झडप घालू नकोस, बेसच्या मागं जा. प्रत्येक आवर्तनाच्या समेवर बेस कुठला सूर धरतो ते लिही. बहुतेक वेळा कॉर्ड त्याच सुराची असते. ती मेजर की मायनर हे सगळं ग वर ठरतं. त्या बेसच्या सुराला सा मानून शुद्ध ग गाऊन बघ, नाही जुळला तर कोमल. जो बसेल ती कॉर्ड. साध्या सिनेमाच्या गाण्यात सा, म, प यांच्या मेजर आणि ध ची मायनर एवढ्या चार कॉर्डवर पुष्कळ मजल जाते. बेसवाला हुशार असला तर मुद्दाम दुसराच सूर धरतो, पण ते तू पाचपन्नास गाणी बसवल्यावर बघू.

रिफसाठी मात्र सूर नंतर, आधी लय. टेबलावर बोटांनी रिफ वाजव, कुठली टकटक समेवर आणि कुठली समेच्या आधीच येते ते पक्कं कर. रिफची अर्धी ओळख त्याच्या गप्प बसण्यात असते. (मळवलीला उतरून भाज्याची लेणी बघितलीस ना? तिथल्या टोकाच्या विहारात एक बाई ठेका धरतेय आणि दुसरी नाचतेय. दोन हजार वर्षं झाली, गाणारी काही त्यात कोरलेली मला दिसली नाही.) डीप पर्पलचं १९७२ चं ‘स्मोक ऑन द वॉटर’ सगळी पोरं एका तारेवर वाजवतात आणि मग तक्रार करतात की तसं भारदस्त का वाजत नाही. कारण रिची ब्लॅकमोर तिथं एका वेळी दोन तारा छेडतो, पिकनं नाही, बोटांनी, आणि दोन सुरांत सा-म एवढं अंतर ठेवतो. एखादा रिफ पोकळ वाटला की आधी हाच प्रश्न विचार: इथं एकच सूर आहे की दोन चिकटलेले आहेत?

सोलोचं सांगतो, इथं मला जरा जास्त बोलू दे. रॉकच्या सोलोत बहुतेक वेळा सा, कोमल ग, म, प, कोमल नी एवढेच सूर फिरतात. त्यांचं मायनर पेंटाटोनिक ते हेच. तू गायनाच्या क्लासला होतीस, हे सूर धानीचे आहेत हे तुला सांगायला नको. ब्लूजवाले त्यात तीव्र म मिसळतात, आणि कोमल ग जरासा चढवून कोमल आणि शुद्धच्या मधे कुठं तरी सोडून देतात. गाणं आनंदी असेल तर भूपाचे सूर लावून बघ. आणि गंमत म्हणजे भूपाच्या ध ला सा मानून तेच सूर वाजवलेस की हातात धानी येते, फ्रेट एकही बदलावा लागत नाही. म्हणून अनोळखी सोलो आला की बारा सुरांत चाचपडायचं नाही. आधी हे पाच लावायचे, जो सूर बाहेरचा वाटेल तेवढाच वेगळा शोधायचा.

तुकडा लहान घे, एका श्वासात गाता येईल एवढाच, आणि त्याचा शेवटचा सूर आधी पकड. शेवटचा सूर बहुधा लांबवलेला असतो, म्हणून सापडायला सोपा. तो मिळाला की मागं मागं येत जा. गिटार किंचाळल्यासारखी वाटते तिथं वेगळा सूर शोधू नकोस, तिथं तार ताणलेली असते. आपण तिला मींड म्हणू, ते बेंड म्हणतात. निघाली कुठून आणि पोहोचली कुठं, हे दोन्ही सूर गाऊन घे, मधला रस्ता बोट शोधतं.

वेग कमी करायची सोय आमच्या वेळीही होती. ज्या रेकॉर्ड प्लेअरला १६ चा वेग असायचा त्याच्यावर ३३ ची तबकडी लावली की सगळं निम्म्या वेगानं आणि बरोबर एक सप्तक खाली ऐकू यायचं. तुझ्या फोनवर सूर न बदलता वेग उतरतो. पण आधी पूर्ण वेगात प्रयत्न कर, मग पाऊणवर ये. एकदम निम्म्यावर गेलीस तर पिकचा घाव पसरट होतो आणि कण, मुरकी सगळं चिखलात जातं.

सूर सापडला तरी जागा सापडलेली नसते, हे गिटारचं दुखणं पेटीवाल्याला कळणार नाही. बारीक तार मोकळी वाजवलीस तर जो सूर येतो तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावर आहे. मोकळी तार खणखणते, चौथीवर तोच सूर जाड आणि गोल लागतो. तेव्हा नुसता सूर ऐकू नकोस, त्याचा आवाज कसा आहे ते ऐक. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची सुरुवात पोरांना हाताला अवघड वाटते, कारण ती बारा तारांची गिटार आहे आणि कापो सातव्या फ्रेटवर. तो लावला की आकार सोपे होतात. बारा तारांची गिटार कानाला दोन गिटारी असल्यासारखी भासते, कारण जाड चार तारांच्या जोडीला सप्तकानं वरची तार असते आणि बारीक दोन तारांना त्यांचीच जुळी. ‘यादों की बारात’मधल्या (१९७३) ‘चुरा लिया है’त भूपिंदर सिंगांनी वाजवलेली गिटार ऐक, लगेच ओळखशील. गायक म्हणून सगळ्यांना माहीत असलेला हा माणूस ‘दम मारो दम’मध्येही गिटार घेऊन बसलेला आहे.

आणखी एक व्यायाम. ‘नीले नीले अंबर पर’ (१९८३) सगळ्यांनाच वाजवायचं असतं. ते बसवशील तेव्हा इळैयराजांचं १९८२ चं तमिळ ‘इळय निला’ही शेजारी लाव, हिंदीतली चाल तिथूनच आली. दोन्हींत गिटार काय वेगळं करते ते व्हिडिओ न बघता शोधून काढ. इतकं शिकवणारा धडा पुस्तकात नाही.

जून लागला की लोणावळ्यात कानावर भरवसा ठेवण्याआधी गिटार तपास. इथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लाकूड ओल पिऊन फुगतं, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात. मग तार जास्त खोल दाबावी लागते आणि सूर चढतो. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजव, मग तिथंच दाबून वाजव. दोन्ही सूर एक असायला हवेत. दाबलेला चढा येत असेल तर तुझा कान बरोबर आहे, गिटार खोटं बोलतेय. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, खोळीत बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाक, आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पूस. पावसाळ्यात नवी तारजोडी आठवडाभरात गंजते.

सापडलेलं लिहून ठेव, पण बसल्यावर. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात गोव्याचे वादक समोर स्टाफ नोटेशन ठेवून वाजवायचे. ती विद्या मोठी आहे, जमलं तर शीक. तोवर भातखंडे पद्धत पुरे: कोमलखाली आडवी रेघ, तीव्र मवर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. वहीत सोलोच्या तुकड्याखाली तार आणि फ्रेटचाही आकडा घाल.

कान तयार झाला का ते बघायला चैत्रात कार्ल्याच्या फाट्यावर उभी राहा. एकविरेच्या यात्रेला आगरी-कोळी मंडळी वाजतगाजत येतात, टेंपोवर बँजो चालू असतो. टेंपो तुझ्यापुढून निघून जाईपर्यंत चाल तोंडात आली पाहिजे आणि घरी येऊन सा बदलून वाजवता आली पाहिजे.

राहिलं भजनात गिटार घेऊन बसायचं. बुवांना आधी पट्टी विचार. काळी एक, दोन, चार किंवा पाच म्हणाले तर कापो पहिल्या फ्रेटवर लाव आणि सी, डी, जी, ए यांतला आकार त्याच क्रमानं धर. पांढरी चार असेल तर कापो तिथंच, आकार ई चा. काळी तीनला तोच ई, पण कापो दुसऱ्या फ्रेटवर. आणि आपली पेटी जुनी आहे, ४४० ला जुळत नाही. कापो लावून झाल्यावर पेटीचा सा दाबून धरायला सांग आणि तारा तिला लाव; पेटी काही तुझ्यासाठी उतरायची नाही.