सही तुझीच असू दे

वाशिम

चि. भाचेबुवा,


रिसोडहून ताईचा फोन होता. तुला अकोल्यात बियाणे तपासणीच्या कामासाठी अर्ज करायचाय आणि घरात 'हा एकटा राहील कसा' यावर बैठका चालल्यात, असं कळलं. तुझं म्हणणं काय, हे तिला धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र थेट तुझ्या नावानं. फोनवरच्या गडबडीपेक्षा लिहिलेलं तुला बरं पडतं, हेही आहेच.

काम तुझ्याजोगतं आहे. पेरणीआधी आपल्याकडे ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे ठेवतात, सत्तर उगवले की बियाणं चाललं. या दाण्याची साल इतकी नाजूक की पोतं आदळलं तरी उगवण घटते, तरीही पुष्कळ जण अंदाजानंच 'चांगलं आहे' म्हणून मोकळे होतात. तू मोडके, वाकडे कोंब बाजूला काढून उरलेलेच मोजतोस. प्रयोगशाळेतही नेमकं तेच करतात. मोजणीच्या वेळी तुला हाक मारलेली आवडत नाही, याला घरात हट्टीपणा म्हणतात. त्या टेबलावर त्याला काळजीपूर्वक काम म्हणतील.

मुलाखतीची धास्ती घेऊ नकोस. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन म्हणून एक बाई आहेत, 1947 चा जन्म, तुझ्यासारख्याच स्वमग्न. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. गुरं मार्गिकेत का अडतात हे पाहायला त्या स्वतः आत शिरल्या. लोंबणारी साखळी, जमिनीवर पडलेली सावली, एवढ्यानंही जनावर बुजतं हे त्यांनी दाखवलं. पुढे गुरं हाताळण्याच्या व्यवस्थेचे आराखडे त्यांनीच काढले आणि प्राध्यापकही झाल्या. तूही जगप्रसिद्ध हो, असं मी म्हणणार नाही. असली उदाहरणं देऊन लोक तुमच्या डोक्यावर नवंच ओझं ठेवतात. त्यांची एक युक्ती मात्र घे. काम मागायला गेल्यावर त्या गोड बोलायच्या भानगडीत न पडता आपले आराखडे समोर ठेवत. तू उगवणीची वही ने. नजरेला नजर नाही भिडली तरी चालेल, वही त्यांच्या पुढ्यात सरकव.

आणि स्वमग्नता लपवू नकोस. दिवसभर इतरांसारखं वागण्याचं सोंग करशील तर मोजायला ताकद उरणार नाही. 'सूचना लिहून द्या, एका वेळी एक काम सांगा, गोंगाट असेल तिथे कानावर हेडफोन लावू द्या' एवढं आधीच सांग. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनेत अशी वाजवी सोय देणं बंधनकारक आहे. खासगी ठिकाणी मागून बघायला काय जातं? मुंबईत जुहूला कॅफे अर्पण आहे, यश चॅरिटेबल ट्रस्टनं 2018 मध्ये काढलेलं. तिथे स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग तरुण काम करतात, ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी 4 टक्के जागा आहेत. त्यातला 1 टक्का स्वमग्नांसह आणखी काही गटांमध्ये मिळून आहे. त्यासाठी अर्ज करत राहा, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नकोस.

स्वयंपाक येत नाही म्हणून ताई काळजीत आहे. अकोल्यात डब्यावर राहणाऱ्या पोरांना कोणी परावलंबी म्हणत नाही, तुलाच का म्हणावं? त्यापेक्षा पगार कुठे गेला ते तुला ठाऊक असणं महत्त्वाचं. खातं तुझ्या नावाचं, एटीएमचा पिन कोणालाही नाही, मलासुद्धा नाही. गाडी चुकली, घरमालक ओरडला, तर कोणाला फोन करायचा हे कागदावर लिहून खिशात ठेव. मदत मागायला संकोचू नकोस, पण ती कधी आणि कशासाठी घ्यायची हे तू ठरव.

आता नाजूक गोष्ट. काका म्हणतात, पालकत्वाचा अर्ज एकदाचा करून टाकू. तुझ्या चांगल्यासाठीच म्हणतात, तरी मला ते पटत नाही. तू सज्ञान आहेस. 2016 च्या कायद्याच्या कलम 14 मधलं मर्यादित पालकत्वही ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि तुझ्या इच्छेला धरूनच चालायचं असतं. ज्या माणसाला उगवणीचा तक्ता भरता येतो, त्याला भाड्याचा करार समजावून सांगता येतो. वेळ जास्त लागेल, लागू दे. न वाचता कुठेही सही करू नकोस, आणि तुझ्या जागी दुसऱ्याला करू देऊ नकोस. काकांशी मी बोलेन, पण तू समोर असशील तेव्हाच.

यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राची, मुदत आजच बघ. एसटीची सवलत आणि नोकरीचे फॉर्म, दोन्हीकडे लागेल. अकोल्याला एकदा काही काम नसताना जाऊन ये, म्हणजे स्टँडवरची गर्दी आणि रस्ता ओळखीचा होईल. सोबत हवी असेल तर मला सांग, नको असेल तर तसं सांग. अर्ज भरला की दाजींना वाचायला दे, सही कर आणि स्वतःच टाक.

तुझा,
मामा