डोकं दुखतंय, पण मूळ मानेत आहे

मैत्रिणींनो, बैठकीत बचतीचा हिशोब संपला की गप्पा दुखण्यांवर येतात. मागच्या खेपेला उत्तनच्या एका मावशींनी पिशवीतून गोळ्यांची पट्टीच काढून दाखवली. "रोज एक घेते, नाहीतर पाटी उचलवत नाही." त्यांचं डोकं मागून, उजव्या बाजूने दुखायला लागतं आणि डोळ्यामागे येऊन थांबतं. चष्मा बदलून झाला, पित्ताचं औषध झालं. मानेबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "मान काय, ती सगळ्यांचीच दुखते."

आपल्या मानेत ७ मणके असतात. वरच्या तीन मणक्यांजवळच्या नसा आणि कपाळ-चेहऱ्याची नस, या दोघींचे निरोप मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी एकत्र येतात. एका खात्यात दोघींचे पैसे भरले की कुणाचे किती ते कळत नाही, तसंच हे. बिघाड मानेत असतो आणि मेंदूला वाटतं कपाळ दुखतंय. असं दुखणं बहुधा एकाच बाजूला असतं, मान वळवली किंवा बराच वेळ एकाच जागी ठेवली की वाढतं, आणि मान त्या बाजूला पूर्वीसारखी वळत नाही. अर्धशिशीत ठणका लागतो, मळमळतं, उजेड नको वाटतो. काहींना दोन्ही असतात, म्हणून नक्की काय ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता आपली कामं बघा. डोकं स्वतःच साडेचार-पाच किलोचं. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मान ते आरामात पेलते. पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. बोंबील सुकवताना आधी खाली मान घालून दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची, मग हात वर करून वलांडीवर टांगायचे. खाली-वर, खाली-वर, तेही तासन्‌तास. राई-मुर्ध्याच्या मिठागरांवर डोक्यावरून मीठ वाहिलेल्या आज्यांना विचारा, मान कशी आखडते ते. घरी बसून इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवणाऱ्या पोरींचं ओझं दिसत नाही, पण त्यांची मान दिवसभर खालीच असते. आणि गटाचं दप्तर लिहिणाऱ्या आम्ही? मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो, आम्हीही त्यातल्याच.

डोक्यावरच्या पाटीत सगळ्यात वाईट क्षण म्हणजे ती एकटीने उचलण्याचा आणि उतरवण्याचा. तेव्हा भार मानेवर असतो आणि मान वाकडी होते. म्हणून चुंबळ नीट जाड ठेवा, हात लावायला कुणाला तरी बोलवा, जमेल तिथे एका मोठ्या पाटीच्या दोन खेपा करा. चार जणींनी मिळून टेम्पो केला तर भाडं वाटलं जातं, मानही वाचते.

उपचाराचं म्हणाल, तर फिजिओथेरपिस्ट मान कुठे अडते ते हाताने तपासतात, आखडलेले सांधे हलके मोकळे करतात आणि व्यायाम शिकवतात. ऑस्ट्रेलियात अशाच डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००२ साली छापून आला. ६ आठवडे हाताचे उपचार किंवा व्यायाम केलेल्यांची डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभराने पाहिलं तरी फरक टिकून होता. म्हणजे नुसतं चोळून घेऊन दुसऱ्या दिवशी विसरायचं काम नाही, ६ आठवडे नेट लावायचा.

घरी करायचा मुख्य व्यायाम असा. ताठ बसा, नजर समोर. कुणी नाकापाशी कुजका बोंबील आणला तर आपण तोंड कसं मागे घेतो? तशी हनुवटी सरळ मागे घ्या. मान खाली घालायची नाही, वरही करायची नाही. ५ आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मग दोन्ही खांदे मागे नेऊन पाठीची पाती एकमेकींकडे आणा, तेही १० वेळा. थोडं ताणल्यासारखं वाटेल ते चालतं. चक्कर आली किंवा हाताला मुंग्या आल्या तर थांबा. शेकायला तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी उत्तम, मीठ तर आपल्याच गावचं. आधी मनगटावर लावून बघा, १५ मिनिटं पुरे. साखरेच्या आजाराने बधिरपणा असेल तर शेक नको. झटका देऊन मान मोडून घेणं कुणाकडूनही नको, त्यात मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीला इजा होऊ शकते.

आणि ती गोळ्यांची पट्टी. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त घेतली, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मग त्यासाठी पुन्हा गोळी. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो तो वेगळाच. (बीपी-साखरेच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत हं.)

काही दुखण्यांत व्यायाम करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. कधी नव्हे असं अचानक जोरात डोकं दुखलं, तापासोबत मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, दिसायला अंधुक झालं, पडून मार लागला, किंवा गरोदरपणात डोकं सतत दुखतंय, यांतलं काही असेल तर थांबू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली तरी दाखवून घ्या.

मावशींना आम्ही एक जुनी वही दिली आहे. डोकं दुखलं त्या दिवशी तारखेपुढे फुली, गोळी घेतली तर गोल. लिहिता येत नसलं तरी हे जमतं. पुढच्या सोमवारी सरकारी दवाखान्यात जाताना त्या वही सोबत नेणार आहेत. पाटी त्या दिवशी सून उचलेल.